डावी घडी

मंगळवार, १४ मे

डॉक्टर फोर्लानीने सांगितलंय की जे जे खाल ते रोज वहीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात आणून दाखवायचं. माणूस तसा बरा आहे, पण खाणं म्हणजे नुसतं तोंडात घालणं अशी त्याची समजूत आहे. कुठे खाल्लं, का खाल्लं आणि करणाऱ्याची ते करायची लायकी होती का, हे त्याच्या तक्त्यात बसत नाही. मी माझ्या पद्धतीने लिहिणार. नको असेल ते त्याने गाळावं.

सकाळी कॉफी, एक बिस्किट. गाडीत सफरचंद. दुपारी काही नाही, कारण व्हेनिसच्या स्टेशनाबाहेर जे मिळतं त्याला अन्न म्हणायची माझी तयारी नाही.

इथे यायचं खूळ इर्माचं. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी कुठे जाऊ या असं म्हटलं नाही, आणि आता एकदम व्हेनिस, तेही आठवडाभर. मी म्हटलं, डोंगरात जाऊ, तिथे गंडवणारे कमी असतात. ती म्हणाली, "डोंगरात तू एकटा जा." मग आलो. तिची बॅग फळीवर चढवताना माझी कंबर धरली. आत काहीतरी लांब आणि टणक होतं, चेनही धड लागत नव्हती.

"काय भरलंयस यात?"

"छत्री."

"एवढी लांब?"

"व्हेनिसला पाऊस फार."

मी जन्मभर बोलोन्यात ताज्या तोर्तेलिनीचं दुकान चालवलं. माझ्याआधी आईने चालवलं. अंड्यात मळलेल्या पिठाची पातळ पोळी लाटायची, तिचा लहानसा चौकोन कापायचा, मध्ये चिमूटभर मांसाचं सारण, मग त्रिकोणी घडी, आणि ती बोटाभोवती गुंडाळून टोकावर टोक दाबायचं. बेंबीएवढी वस्तू. ती कोंबडा उकळून केलेल्या सारातच वाढायची, दुसऱ्या कशात नाही. ज्याने हे आयुष्यभर केलं त्याला परगावी जेवायची जागा शोधणं म्हणजे शिक्षाच. म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. जिथे पदार्थांचे फोटो लावलेत तिथे जायचं नाही. जिथे दारात माणूस उभा राहून बोलावतो तिथे जायचं नाही. पाटीवर चार-चार भाषा असतील तर रस्ताच बदलायचा. आणि बोलोन्याबाहेर जो कोणी तोर्तेलिनी विकतो, त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही.

संध्याकाळी हॉटेलाशेजारी कांदा-व्हिनेगरमधले मासे. हे म्हणे इथलं वैशिष्ट्य. मासा नासतोय म्हणून कुणा खलाशाने लढवलेली शक्कल, आणि हे लोक अजून तिचे गोडवे गातात. मी दोन खाल्ले. इर्माने ताट पुसून खाल्लं.

बुधवार, १५ मे

सकाळी कॉफी. ब्रेड, शिळा.

नकाशा इर्माकडे आहे. ती म्हणाली, तुला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा तू लावत नाहीस, तेव्हा वाट मी दाखवते. दाखवली! बाईला डावं-उजवं कळत नाही हे मला आज नव्याने कळलं. जेवायला जागा शोधायला निघालो आणि फिरून फिरून एकाच चौकात आलो. लहानसा चौक, मधोमध जुनी विहीर, तिच्या कठड्यावर मांजर, एका बाजूला हिरव्या छपरीचं हॉटेल. पहिल्यांदा मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, "इथे आपण आलो होतो." ती म्हणाली, "व्हेनिसमध्ये सगळे चौक सारखेच." तिसऱ्यांदा तीच विहीर, तेच मांजर.

आणि त्या हॉटेलात माझ्या नियमांतलं एकूण एक पाप हजर. दाराशी फोटोंचा फलक, त्यावर सहा भाषा, आणि समोर एप्रन बांधलेला एक उंच इसम. आम्हाला पाहून असा हसला जणू आमची वाटच बघत होता.

"या काका, आत या. काकू, या ना. घरचंच समजा."

"घरी मला दारात उभं राहून कोणी बोलवत नाही," मी म्हटलं.

"मग घरच्यांचं चुकतंय."

इर्मा उगाच हसली.

"बोलोन्याचे दिसताय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"दुसऱ्याच्या ताटात वाकून बघताय त्यावरून."

बघत होतो खरा, पण ताटात नाही, फलकावर. सगळ्यात मोठा फोटो तोर्तेलिनीचा. पांढरी वाटी, पिवळसर सार, आणि खाली "बोलोन्याच्या घरगुती पद्धतीचे". मी खिशातून चष्मा काढला. फजिती बघायची तर नीट बघावी.

"हा फोटो उलटा छापलाय," मी सांगितलं.

"उलटा?"

"आरशात दिसतं तसा. ही घडी बघ. उजवं टोक डाव्यावर यायला हवं. इथे डावं उजव्यावर आलंय. छापखानेवाल्याचा कान धर."

तो फोटोकडे न बघता इर्माकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, हा फोटो इथे कधीपासूनचा आहे. असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

"कारण इथे येणारे सगळे आंधळे."

"आणि फोटो बरोबर असला तर?"

"मग करणारा आंधळा."

इर्मा म्हणाली, "ओरेस्ते, चल." तिचा आवाज बसला होता. इथली हवाच दमट.

दुपारी उभ्याउभ्या एका टपरीवर वाळलेल्या माशाचा लगदा, ब्रेडवर थापून. लगद्याला लगदाच म्हणायचं, पण इथे त्याला कोणी तसं म्हणत नाही. रात्री फक्त फळ.

गुरुवार, १६ मे

पाऊस. इर्माला म्हटलं, छत्री काढ. म्हणाली, हॉटेलवर राहिली. म्हणजे बोलोन्याहून माझ्या कंबरेवर ती छत्री आली, आणि पाऊस पडला तेव्हा ती खोलीत आराम करतेय. दोघं चिंब भिजलो.

आज जागा मी निवडली. फोटो नाही, दारात माणूस नाही, पाटी एकाच भाषेत, तीही अर्धी पुसलेली. अशी जागा हेरायला नजर लागते. आत कोणीच नव्हतं, हे चांगलंच लक्षण, कारण गर्दी मूर्खांची असते. मालकाने आमच्याकडे पाहिलं आणि परत टीव्ही बघायला लागला. तेही चांगलं, खऱ्या ठिकाणी लाळघोटेपणा नसतो. कांद्यातली कलेजी मागवली. ती आली तेव्हा मधे थंडगार होती, बर्फाचा खडाच म्हणा. मी खाल्ली. इर्माने काटा खाली ठेवला.

"चांगली आहे?" तिने विचारलं.

"प्रामाणिक आहे."

"थंड आहे, ओरेस्ते."

"प्रामाणिक माणसाकडून चूक होते."

ती म्हणाली, "हे वाक्य लिहून ठेव." म्हणून लिहिलं.

दुपारी ती एकटी चर्चमध्ये जाऊन येते म्हणाली. बरीच उशिरा परतली, चेहरा लाल, आणि काळ्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत पांढरी. मी विचारलं हे काय. म्हणाली, "भिंतीला टेकले." म्हणजे या शहराला आपल्या चर्चच्या भिंतींचा चुनासुद्धा राखता येत नाही, आणि बाहेर जगाला बोलावून नौकेतून मिरवताहेत. रात्री तिने जेवणच नको म्हटलं, भूक नाही म्हणाली. दिवसभर पोटात काही नाही आणि भूक नाही! वय झालं आता तिचं.

तिची बॅग खुर्चीवरून उचलून खाली ठेवली. आज हलकी लागली.

शुक्रवार, १७ मे

सकाळी कॉफी घेताना इर्माने विचारलं, "लोरिसचं कसं चाललंय?" लोरिस म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, दुकान आता त्याच्याकडे आहे. मी तिथल्या तिथे फोन लावला, तिलाही ऐकू यावं म्हणून. लोरिस म्हणाला, मस्त चाललंय काका, आता मी माल कारखान्यातूनच मागवतो, पहाटे उठायची कटकटच गेली. काचेत आजीचा मोठा फोटो लावलाय, लोक फोटो बघून घेतात.

फोन ठेवला. इर्मा चमच्याने कॉफी ढवळत राहिली. तिच्या कॉफीत साखर नसते.

मी म्हटलं, "यंत्र असलं तरी घडी उजवी असते. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही."

"नाही कळत," ती म्हणाली. "कळतच नसेल तर मग ते सगळं कशासाठी होतं?"

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, म्हणजे डॉक्टरला रक्तदाबाचं कारण कळेल. आमची मुलगी इलारिया डावखुरी. हात चपळ, पोळी तर अशी लाटायची की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. पण घडी उलटी पडायची. माझी आई हयात असताना हसून सोडून द्यायची, म्हणायची, पोटात गेल्यावर कुठे कळतं. आई गेल्यावर दुकानाचं नाव राखायची जबाबदारी माझी. अर्धे इकडे वळलेले, अर्धे तिकडे, असा माल तराजूत घातला तर गिऱ्हाईक म्हणणार दोन घरांचा उरलासुरला एकत्र केलाय. मी तिला एवढंच सांगितलं, एका ताटात दोन घड्या चालत नाहीत. वर्षानुवर्षं सांगितलं. ती काउंटरवर बसायला तयार नव्हती, घडीही बदलायला तयार नव्हती. मग दुकान लोरिसच्या नावावर केलं, त्या संध्याकाळी ती निघून गेली. सहा वर्षं झाली. तिच्या आईशी फोनवर बोलते, मला विचारत नाही, मीही विचारत नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून घर सोडणाऱ्याला काय म्हणायचं?

दुपारी रिझोतो, म्हणजे मऊ भात, शाईच्या माशाचा. काळा. दात काळे, ओठ काळे, चव दौतीची. अख्खं ताट खाल्लं, रागाच्या भरात. डॉक्टर, हे मोजू नका.

शनिवार, १८ मे

आज जे झालं त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही. तरी जसं झालं तसं लिहितो.

इर्माने पुन्हा त्याच चौकात आणून सोडलं. मी भांडलोही नाही, हात टेकले. ती विहिरीच्या कठड्यावर बसली, म्हणाली पाय दुखतात. त्या उंच इसमाचं नाव तुल्लियो आहे, आता आमची ओळखच झाल्यासारखी आहे.

"काय काका, आज कुठे उपास?"

"तुझ्याकडे सोडून कुठेही."

"आमच्याकडे उपासाचे पदार्थ मिळत नाहीत म्हणून?"

"तुमच्याकडे पदार्थच मिळत नाहीत, चित्रं मिळतात."

तो हसला. वाईट माणूस नाही, धंदा वाईट आहे. तेवढ्यात पायाशी कोणीतरी म्हणालं, "आजोबा, तुम्ही माझ्या घरात उभे आहात."

पाचेक वर्षांची पोर, फरशीवर खडूने ठिकरीचे चौकोन आखत होती. मी बाजूला झालो. चौकोन सरळ होते, पण आत आकडे लिहीत होती ते सगळे तोंड फिरवलेले. आणि खडू डाव्या हातात. मी गुडघे दुखत असताना खाली बसलो, प्रेमानेच तिच्या हातातून खडू काढला आणि उजव्या हातात दिला.

"या हाताने काढ बाळ. त्या हाताने केलेलं सगळं उलटं होतं."

ती रडली-बिडली नाही. खडूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी आई याच हाताने सगळं करते."

"मग आईचंही उलटं होत असणार."

तुल्लियो कुणा जर्मन जोडप्याला बोलावत होता, तो मधेच थांबला. आत स्वयंपाकघराची खिडकी कोणीतरी दाणकन आपटून बंद केली. आणि इर्मा, जिचे पाय दुखत होते, ती माझ्यासमोर येऊन उभी होती.

"तिच्या हाताला हात लावू नकोस."

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने पोरीच्या उजव्या हातातला खडू घेऊन डाव्या हातात ठेवला, मूठ मिटली, आणि त्या मुठीवर स्वतःचा हात ठेवून तशीच उभी राहिली. परक्या पोरीसाठी नवऱ्याचा चारचौघांत पाणउतारा! आणि तुल्लियो तिला "काकू, जाऊ द्या" म्हणतोय, जसं काही मीच कुणीतरी बाहेरचा.

दुपारी आणि रात्री काय खाल्लं आठवत नाही. काहीतरी पिठाळ होतं.

रविवार, १९ मे

सकाळी इर्माने आपली बॅग भरली आणि दाराशी ठेवली. मी म्हटलं, गाडी मंगळवारी दुपारी आहे.

"ती गाडी तू एकट्याने पकड."

"आणि तू?"

"मी जिथे जेवते तिथे राहीन."

"कुठे जेवतेस तू?"

"सबंध आठवडा दाखवतेय, ओरेस्ते. आता तुझं तू शोध."

"सांग ना सरळ."

"सांगितलं तर तू माझ्यासाठी येशील. ते तिला चालणार नाही. तुला कोणी बोलावलेलं नसताना तू आत यायला हवास, अशी तिची एकच अट आहे."

"कोणाची?"

तिने बुटाची नाडी बांधली आणि बॅग घेऊन खाली उतरली. मी खिडकीतून बघत राहिलो. पूल चढताना बॅग तिला जड जात नव्हती.

मी आयुष्यात एकट्याने कुठे जेवलो नाही. घरात आई, मग इर्मा, आणि बाहेर गेलं तर नावं ठेवायला समोर कोणीतरी लागतंच. आज मी दारोदार फिरलो. एका ठिकाणी मेजावर प्लास्टिकची फुलं होती, पुढे निघालो. एका ठिकाणी वाढपी शिटी वाजवत होता. एका ठिकाणी तर काहीच खोट नव्हती, मासा ताजा, कपडा स्वच्छ, तरी पाय आत पडेना. "बघ, कसं आहे" असं म्हणायला कोणी नसेल तर जागा चांगली की वाईट हे ठरवायचं तरी कोणी आणि कशासाठी?

वाट मला माहीत नव्हती, नकाशा नव्हता, तरी मी त्या चौकात पोचलो. म्हणजे चार दिवसांत पायांनी पाठ केली होती. पोर नव्हती, चौकोन होते. तुल्लियो दारात होता, पण आज त्याने मला बोलावलं नाही. मी फलकापाशी गेलो. म्हटलं, छापखानेवाल्याची चूक निदान नीट बघून घेऊ. चष्मा लावला.

फोटोतल्या वाटीच्या काठावर निळ्या अक्षरांत हॉटेलचं नाव आहे. बुधवारी मी फक्त घडी बघितली होती, काठ बघितला नव्हता. अक्षरं सुलटी आहेत. आरशातली असती तर उलटी दिसली असती.

फोटो सुलटा आहे.

मला भीती वाटली. डॉक्टर, हे तुमच्यासाठी नाही, पण लिहितो. अख्ख्या जगात असे तोर्तेलिनी करणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि काल मी तिच्या खिडकीखाली बसून जे बोललो ते ऐकूनच खिडकी मिटली होती. आणि ती पोर. त्या पोरीचा विचार मला पुरा करवला नाही. मी मागे फिरलो.

खाल्लं: काही नाही.

सोमवार, २० मे

नियम मोडतोय, तर कबूल करून मोडावेत. दाराशी फोटो आहेत. दारात माणूस आहे. भाषा सहा आहेत. बोलोन्याबाहेर तोर्तेलिनी विकतात. मी दुपारी तीनला गेलो, जेवणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर.

"काय काका," तुल्लियो म्हणाला, "आज घडी तपासायला?"

"जेवायला."

"कोणी बोलावलं?"

"कोणी नाही."

"बायकोने सांगितलं?"

"तिने काही सांगितलं नाही. ती कधी सांगते?"

तो बाजूला झाला. "मग या," म्हणाला, आणि या वेळी 'घरचंच समजा' असं काही म्हणाला नाही.

कोपऱ्यातलं मेज दिलं. मी काही मागवलं नाही, तरी वाटी आली. मी चमच्यात एक घेऊन उजेडाकडे धरला. डावं टोक उजव्यावर. तो खाल्ला. मग दुसरा. मी खोट शोधत होतो, खरंच शोधत होतो, जन्मभराची सवय आहे. पोळी पातळ. सारणात जायफळ आई घालायची तेवढं, मी दुकानात कमी केलं होतं त्याहून जास्त. साराला मागून गोडी. वाटी रिकामी झाली, खोट सापडली नाही.

वाटी उचलायला जी आली ती वाढपीण नव्हती. केस आता आखूड ठेवलेत तिने. हातावर पीठ.

"काही कमी-जास्त?" गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"सार गरम होतं."

"सार गरमच असतं, बाबा."

मी वाटीकडे बघत म्हटलं, "फोटो सुलटा आहे."

"हो."

"मला वाटलं, छापखानेवाल्याने..."

"तुल्लियोने सांगितलं. पोट धरून हसलो आम्ही सगळे." पण ती हसत नव्हती. "आणि मग शनिवारी नाही हसलो."

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. वाटेत जुळवूनही आलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, "पोळी छान लाटलीस."

"लाटणं चांगलं आहे," ती म्हणाली आणि आतल्या दाराकडे बघितलं.

दार उघडंच होतं. आत लांब मेजापाशी इर्मा उभी होती, बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या, आणि तिच्या हातात माझ्या आईचं हातभर लांबीचं लाटणं. दुकान लोरिसला दिलं तेव्हा मी ते पुष्कळ शोधलं होतं. तर ही ती छत्री.

"आम्ही सकाळी सातला बसतो," इलारिया म्हणाली. "गाडी तुझी दुपारची आहे ना?" वाटी घेऊन आत गेली.

मंगळवार, २१ मे

सातच्या आधी पोचलो. एक एप्रन पुढे आला. इलारियाने पोळी पसरली, इर्माने चौकोन कापले, तुल्लियो कोंबडा उकळत होता, आणि ती पोर उंच स्टुलावर बसून मला निरखत होती, शनिवारचं विसरली नव्हती. मी बसलो आणि हात आपोआप चालू झाले. त्रिकोण, बोट, टोकावर टोक. सहा वर्षांत केलं नव्हतं, पण एक चुकला नाही. थोडा थाटातच पुढे सरकवला.

इलारियाने तो उचलला, बघितला आणि मेजाच्या कडेला ठेवला.

"का? आजीची घडी आहे ही."

"इथे सगळे डावे आहेत बाबा. एका ताटात दोन घड्या चालत नाहीत."

माझंच वाक्य, माझ्याच काउंटरवरच्या आवाजात. रागाने नाही, नियम सांगावा तसं. मी इर्माकडे बघितलं. चाळीस वर्षं उजवी घडी घालणारी ती बाई मान खाली घालून डावी घालत होती, आणि बऱ्यापैकी घालत होती. तिने वर बघितलं नाही.

उठून जाता आलं असतं. गाडी होती. मी चौकोन घेतला आणि त्रिकोण केला, आणि पुढे बोटांना काही सुचेना. जे झालं त्याला तोर्तेलिनी म्हणणाऱ्याला मी दुकानाबाहेर काढलं असतं. सारण बाहेर, टोक वाकडं, आणि शेवटी सवयीने उजवंच वर. दुसरा त्याहून भिकार. तिसरा तर फाटलाच.

स्टुलावरून पोर म्हणाली, "आजोबा, उलटं झालं."

"माहीत आहे."

"या हाताने नाही." तिने माझ्या उजव्या हातातला चौकोन काढून घेतला आणि डाव्या हातात दिला. "या हाताने. बघा, माझी आई करते तसं."

"आर्जा," इलारिया आपल्या कामावरून नजर न काढता म्हणाली, "हळू सांग त्यांना. नवीन आहेत ते."

आर्जा माझ्या आईचं नाव. तिच्यानंतर मला वाटलं होतं हे नाव कोणी ठेवतच नाही.

मी पुन्हा केला. पुन्हा उलटा झाला. ती परत म्हणाली, या हाताने. दुपारची गाडी किती वाजता होती ते कोणी विचारलं नाही, मलाही आठवलं नाही.

दुपारी खाल्लं: सकाळपासून मी बिघडवलेले सगळे तोर्तेलिनी, सारात. गिऱ्हाइकाला वाढायच्या लायकीचे नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातल्या मेजावर आम्ही पाचजणांनी मिळून संपवले.